खोल ल्युपस : दुर्मीळ त्वचारोग आणि त्याची पुढची वाट

शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटली की जे आजार होतात, त्यांपैकी ल्युपस हा एक. मूत्रपिंड, सांधे, रक्त, फुप्फुसाचे आवरण असा तो अनेक ठिकाणी पसरला तर त्याला सर्वांगीण ल्युपस म्हणतात. त्वचेपुरताच राहिला तर त्वचेचा ल्युपस. त्वचेच्या ल्युपसमध्ये दाह बहुधा वरच्या थरांत असतो, त्यामुळे चट्टा डोळ्यांना दिसतो. मोजक्या रुग्णांत मात्र हा दाह त्वचेच्या तळाशी असलेल्या चरबीच्या थरात उतरतो. या प्रकाराला खोल ल्युपस म्हणावे. वैद्यकीय ग्रंथांत त्याची नोंद ल्युपस प्रोफंडस किंवा ल्युपस पॅनिक्युलायटिस अशी सापडते. त्वचेच्या ल्युपसच्या १०० रुग्णांत असे १ ते ३ रुग्ण निघतात.

हा आकडा बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला लावून पाहिला की दुर्मीळपणाचा खरा अर्थ कळतो. डॉ. आनंद मालवीय आणि सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सर्वांगीण ल्युपसचे प्रमाण लाखामागे सुमारे ३ आढळले. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात होती. ढोबळ हिशेबाने जिल्ह्यात सर्वांगीण ल्युपसचे ऐंशीएक रुग्ण असावेत आणि खोल ल्युपसचे बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे मेहकर किंवा जळगाव जामोदमध्ये आयुष्यभर दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांपुढे असा रुग्ण कदाचित एकदाच येईल, कदाचित कधीच येणार नाही. रोग ओळखायला लागणारा उशीर इथूनच सुरू होतो. आणि खोल ल्युपसमध्ये पुढे काय होईल हे रोगाच्या स्वभावाइतकेच या उशिरावर ठरते.

व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी १८८३ मध्ये ल्युपसच्या रुग्णांतील त्वचेखालच्या गाठींची नोंद केली. १९४० मध्ये आयर्गँग यांनी त्याला प्रोफंडस हे नाव दिले. आज वापरात असलेली त्वचेच्या ल्युपसची तीव्र, मध्यम आणि दीर्घकालीन अशी विभागणी अमेरिकेतील जेम्स गिलियम आणि रिचर्ड सॉन्टहायमर यांच्या १९८० च्या सुमारास झालेल्या कामातून आली. खोल ल्युपस यांतल्या दीर्घकालीन गटात मोडतो.

आजाराची सुरुवात नजरेआड होते. दंडाच्या वरच्या, बाहेरच्या बाजूला त्वचेखाली एक टणक गाठ लागते. ती बोटाला आधी कळते, डोळ्याला नंतर दिसते. आकार सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा, दाबले तर थोडे दुखते. वरची त्वचा कधी अगदी नेहमीसारखी असते, कधी लालसर किंवा काळपट, तर कधी तिच्यावर चकतीसारखा खरखरीत चट्टा असतो. ठरलेल्या जागा म्हणजे दंड, खांदे, गाल, छाती, नितंब आणि मांड्या. गुडघ्याखाली हा आजार क्वचितच उतरतो, आणि ही खूण निदानाला फार उपयोगी पडते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठ विरते. गाठ गेली म्हणून रुग्ण निश्चिंत होतो. नंतर त्याच जागी त्वचा आत ओढली जाऊन वाटीसारखा खोलगटपणा येतो. दाहाने मेलेली चरबी शरीराने शोषून घेतलेली असते आणि ती पुन्हा तयार होत नाही. काहींत त्या जागी कॅल्शियम साठून कठीण खडे लागतात, काहींत त्वचा फुटून जखम होते आणि ती भरायला बराच काळ लागतो.

रुग्णांत स्त्रियांची संख्या जास्त असते आणि वय बहुधा ३० ते ६० च्या दरम्यान. लहान मुलांत हा आजार दिसला तर रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची जन्मजात कमतरता, विशेषतः सी-२ किंवा सी-४ ची, तपासावी लागते.

जिल्ह्यात दंडावरची गाठ दाखवायला आलेल्या बाईला पहिले उत्तर मिळते ते ‘चरबीची गाठ आहे, काही होत नाही’ किंवा ‘सुईची गाठ राहिली असेल’. दुसरे उत्तर अँटिबायोटिकच्या गोळ्यांचे. तिसरे, आणि सगळ्यांत नुकसानीचे, आणखी एका सुईचे. मार, खरचटणे, इंजेक्शन, शस्त्रक्रिया अशा इजेच्या जागी खोल ल्युपसची नवी गाठ उठू शकते, हे अनेक दशकांपासून ठाऊक आहे. दवाखान्यात गेले की सुई घेतल्याशिवाय समाधान होत नाही, ही खेड्यापाड्यांत रुजलेली सवय इथे थेट अंगावर येते. गाठीत स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याचाही मोह होतो. वरच्या थरातील चट्ट्याला त्याचा फायदा होतो, पण चरबीच्या आजारात त्यामुळे खड्डा आणखी वाढण्याची भीती असते.

खोल ल्युपसशी गल्लत होणारे आजारही विदर्भात ओळखीचे आहेत. कुष्ठरोगात, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही, अंगावर दुखऱ्या गाठींचा उद्रेक होतो. त्यात ताप येतो, नसा सुजतात, हातापायांना बधिरपणा असतो. क्षयाशी निगडित गाठी पोटरीच्या मागच्या बाजूला येतात आणि फुटतात. नडगीवर येणाऱ्या लाल, दुखऱ्या गाठींची कारणे आणखी वेगळी. या तिन्हींच्या उलट खोल ल्युपस कमरेच्या वर आणि मांडी-नितंबावर रमतो, आणि त्यात बधिरपणा नसतो. स्तनात गाठ आली तर कर्करोगाच्या भीतीने घर हादरते. तिथेही तपासणी नीट करावीच लागते, पण ल्युपस आधीपासून माहीत असेल तर शल्यचिकित्सकाला ते सांगणे आवश्यक, कारण अकारण केलेली चिरफाड आजार भडकवते.

मात्र एक गल्लत जिवावर बेतू शकते. चरबीच्या थरात वाढणारा टी-पेशींचा एक लिम्फोमा बाहेरून आणि कधी कधी सूक्ष्मदर्शकाखालीही खोल ल्युपससारखाच दिसतो. सतत ताप, घटणारे वजन, रक्तपेशी कमी होणे ही लक्षणे त्याच्याकडे बोट दाखवतात. या लिम्फोमाच्या बऱ्याच रुग्णांत एचएव्हीसीआर-२ या जनुकातील जन्मजात बदल आढळतो, हे २०१८ मध्ये पुढे आले. आशियाई वंशाच्या रुग्णांत त्याचे प्रमाण विशेष आहे. म्हणून खोल ल्युपसचे निदान नुसत्या नजरेने पक्के करू नये. तुकडा काढावाच लागतो, आणि तो खोल काढावा लागतो. त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा उथळ तुकडा पाठवला तर त्यात चरबीच येत नाही आणि अहवाल ‘विशेष काही नाही’ असा परततो. चरबीसकट घेतलेल्या तुकड्यात लिम्फोसाइट पेशींची गर्दी चरबीच्या खणांमध्ये दिसते, मेलेली चरबी काचेसारखी एकजिनसी झालेली असते, आणि काही ठिकाणी लसीका गाठींसारखे पुंजके असतात. त्याच तुकड्याचा एक भाग फॉर्मालिनमध्ये न टाकता वेगळ्या द्रावणात ठेवून इम्युनोफ्लुरोसन्स तपासणीला दिला तर निदानाला आणखी बळ मिळते. रक्तातील एएनए तपासणी काही रुग्णांत सकारात्मक येते, काहींत येत नाही. ती नकारात्मक आली म्हणून खोल ल्युपस नाही असे म्हणता येत नाही.

निदान झाल्यावर रुग्ण आणि घरचे एकच प्रश्न विचारतात : पुढे काय? या प्रश्नाचे तीन भाग पडतात आणि तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

पहिला भाग जिवाचा. आजार त्वचेपुरता असेल तर जिवाला धोका जवळजवळ नसतो, आणि हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवे. ल्युपस हे नाव मोबाइलवर शोधल्यावर जे भयंकर वाचायला मिळते, ते बहुतेक मूत्रपिंड किंवा मेंदू बाधित झालेल्या सर्वांगीण ल्युपसबद्दल असते.

दुसरा भाग, हा आजार आतल्या अवयवांत उतरेल का? वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदींत खोल ल्युपससोबत सर्वांगीण ल्युपस असण्याचे प्रमाण १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत आढळते. आकड्यांतला हा फरक गोंधळात टाकणारा असला तरी त्याचे कारण साधे आहे : संधिवाताच्या विभागात मोजले तर आतला आजार असलेलेच रुग्ण जास्त येतात, त्वचारोग विभागात मोजले तर कमी. आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांना सर्वांगीण ल्युपस असतो त्यांच्यातही तो बहुधा सौम्य राहतो. सांधेदुखी, थकवा, रक्तपेशींत थोडी घट इतपतच. मूत्रपिंडाचा गंभीर आजार या गटात तुलनेने कमी. संधिवाततज्ज्ञांच्या युरोपीय आणि अमेरिकी संघटनांनी २०१९ मध्ये केलेल्या वर्गीकरणात सर्वांगीण ल्युपस ठरवायला १० गुण लागतात आणि चकतीसारख्या चट्ट्याला त्यात ४ च गुण आहेत. केवळ त्वचेच्या जोरावर कोणी त्या रेषेपलीकडे जात नाही.

इतर प्रकारांशी तुलना केली तर चित्र आणखी स्पष्ट होते. चकतीचा ल्युपस डोके आणि चेहऱ्यापुरता असेल तर सुमारे ५ टक्के रुग्णांत तो सर्वांगीण होतो. मानेखालीही पसरलेला असेल तर हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जाते. मध्यम प्रकारात निम्म्याच्या आसपास रुग्ण सर्वांगीण ल्युपसच्या कसोट्यांत बसतात, तरी तीव्र आजार त्यांतल्या थोड्यांनाच होतो. थंडीत बोटांवर उठणाऱ्या चिलब्लेन प्रकारात हे प्रमाण साधारण पाचात एक. फुगीर चट्ट्यांचा ट्युमिड प्रकार सर्वांत निरुपद्रवी. तो आत सहसा जात नाही आणि व्रणही ठेवत नाही.

तिसरा भाग व्रणांचा, आणि खोल ल्युपसचे खरे दुःख इथे आहे. आजार वर्षानुवर्षे रेंगाळतो. काही महिने शांत राहतो, पुन्हा नवी गाठ येते. प्रत्येक विझलेली गाठ आपला खड्डा मागे ठेवते. गालावर पडलेला खड्डा पंचविशीतल्या मुलीच्या आयुष्यात काय करतो हे सांगायला आकडे लागत नाहीत. त्यात हा कोडाचा किंवा महारोगाचा प्रकार आहे अशी कुजबुज सुरू झाली की लग्नाच्या बोलण्यांपासून बचत गटाच्या बैठकीपर्यंत सगळीकडे तिला बाजूला सारले जाते. ल्युपस स्पर्शाने, ताट-वाटीने, कपड्यांनी कोणालाही लागत नाही. आजार वर्ष-दोन वर्षे पूर्ण शांत राहिल्यावर शरीराच्या दुसऱ्या भागातील चरबी भरून खड्डा कमी करता येतो. घाईने केली तर तीच शस्त्रक्रिया नव्या गाठीला निमंत्रण ठरते.

डोक्यावरच्या आजाराबद्दल बुलढाणा जिल्ह्यात वेगळे बोलणे भाग आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक पुंजक्यांनी गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत अन्नातून, विशेषतः रेशनच्या गव्हातून, शरीरात गेलेल्या जादा सेलेनियमकडे निर्देश झाला. त्या गावांतल्या अनेकांचे केस पुन्हा उगवले, कारण तिथे केसांची मुळे शाबूत होती. ल्युपसची गोष्ट निराळी. चकतीच्या ल्युपसमध्ये डोक्यावरचा चट्टा मुळांसकट केस घेऊन जातो; त्वचा गुळगुळीत, मधे पांढरी आणि कडेला काळपट होते, छिद्रे दिसेनाशी होतात. तिथे केस परत येत नाहीत. खोल ल्युपस डोक्यावर आला तर कधी कधी रेषेसारखा पट्टा पडतो, आणि त्यात वेळीच उपचार मिळाले तर केस परतण्याची शक्यता चकतीच्या ल्युपसपेक्षा बरी असते. शेगावच्या घटनेनंतर केस गळाले की ‘गव्हामुळे असेल’ असे म्हणून वाट पाहणारे असतील, तर त्यांनी एवढेच पाहावे : अनेकांचे एकदम गळाले की एकट्याचे, आणि गळालेल्या जागी त्वचेची छिद्रे दिसतात की नाही.

चकतीच्या ल्युपसचे जुने, पांढरे पडलेले व्रण, विशेषतः ओठावरचे, आणखी एका कारणाने जपावे लागतात. उन्हात राबणाऱ्यांच्या अशा व्रणात वर्षांनंतर त्वचेचा कर्करोग उद्भवल्याची उदाहरणे भारतातही नोंदली गेली आहेत. न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ तिथे दिसली तर थांबू नये.

उपचारांचा कणा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी आहे. मलेरियाच्या औषधांचा ल्युपसवर परिणाम होतो हे १८९४ मध्ये पेन यांनी क्विनीनबाबत नोंदवले होते. १९५१ मध्ये पेज यांच्या मेपाक्रिनवरील कामानंतर हा उपचार रूढ झाला. वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅम ही मर्यादा पाळायची असते. म्हणजे ४० किलो वजनाच्या बाईला २०० मिलिग्रॅमची एकच गोळी. सरसकट दोन लिहून दिल्या तर डोळ्यांच्या पडद्याला धोका वाढतो. योग्य मात्रेत पहिल्या १० वर्षांत हा धोका २ टक्क्यांच्या आत राहतो. सुरुवातीला एकदा आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि नेमके तेवढे थांबण्याआधीच बरेच रुग्ण ‘गुण येत नाही’ म्हणून गोळी सोडतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या प्रतिबंधासाठी हीच गोळी सुचवली गेली, तेव्हा ती दुकानांतून नाहीशी झाली आणि ल्युपसच्या रुग्णांना चिठ्ठी हातात घेऊन वणवण करावी लागली. करोनावर तिचा उपयोग नाही हे पुढे सिद्ध झाले; ल्युपसवर आहे हे आधीपासून सिद्ध होते.

एवढ्याने भागले नाही तर डॅप्सोन, मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट यांचा क्रम लागतो. डॅप्सोन हे कुष्ठरोगाचेही औषध असल्याने ते हाती पडले की रुग्ण दचकतो; त्याचे कारण त्याला आधीच समजावून सांगावे, आणि जी-६-पीडी ही रक्ततपासणी करूनच ते सुरू करावे. थॅलिडोमाइडचा गुण येतो, पण गर्भाला ते इतके घातक आहे की मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते देताना कमालीची काळजी लागते. पोटातून स्टिरॉइड थोड्या दिवसांसाठी, आग विझवण्यापुरते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गुण कमी येतो. घरात धूम्रपान चालत असेल तर उपचारांच्या वेळी ही गोष्ट स्पष्ट बोलावी.

उन्हाचा विचार केल्याशिवाय कोणत्याही त्वचेच्या ल्युपसची वाटचाल सांगता येत नाही, मग खोल प्रकारात त्याचा वाटा इतरांपेक्षा थोडा कमी का असेना. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांतला जनुकीय माल उघडा पडतो, इंटरफेरॉन वाढते आणि दाह पेटतो. घाटाखाली शेगाव, नांदुरा, मलकापूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. घाटावर बुलढाणा शहरात हवा गार, म्हणून ऊन लागत नाही असा समज होतो. अतिनील किरणांचा थंड हवेशी संबंध नाही, उंचावर ते थोडे जास्तच असतात, आणि ढगांतूनही बऱ्यापैकी खाली येतात. पावसाळ्यातल्या निंदणाच्या दिवसांतही म्हणून सावध राहावे लागते.

शेतावर जाऊ नका हा सल्ला मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला देण्यात अर्थ नाही. तिच्याजवळ आधीच एक चांगले साधन आहे. वऱ्हाडात कापूस वेचायला निघालेली बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळते. घट्ट विणीचा, गडद रंगाचा असा शर्ट दंड आणि खांदे झाकतो, म्हणजे खोल ल्युपसच्या नेमक्या जागा. शर्टाची बटणे गळ्यापर्यंत लावली, वर रुंद काठाची टोपी घातली आणि दुपारी बारा ते तीनचे काम सावलीतले मागून घेतले, तर महागड्या सनस्क्रीनचे अर्धे काम होते. उघड्या गालांना सनस्क्रीन लागतेच. ती दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावी. ऊन टाळणाऱ्यांत ड जीवनसत्त्व कमी पडते, त्याची गोळी घ्यावी.

औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी मिश्र मलमे हा वेगळा प्रश्न. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र केलेली ही मलमे गजकर्णापासून वांगापर्यंत सगळ्यांवर चोळली जातात. ल्युपसच्या चट्ट्याला त्यातल्या स्टिरॉइडने तात्पुरता उतार पडतो, निदान महिनोन्महिने लांबते आणि त्वचा पातळ होते.

निदान झालेल्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी रक्तदाब, लघवीतील प्रथिने, रक्तपेशींची मोजणी आणि क्रिएटिनिन तपासावे. एवढे जिल्हा रुग्णालयात किंवा खामगावात सहज होते. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याआधीपासून जिल्ह्यातले रुग्ण अकोल्याच्या महाविद्यालयात, घाटावरचे छत्रपती संभाजीनगरला, मलकापूरकडचे जळगावला जात आले आहेत. खोल तुकडा घेणे आणि तो वाचणे या दोन गोष्टींसाठी हा प्रवास एकदा करावाच.

गरोदरपणाबद्दल गैरसमज बरेच आहेत. आजार किमान सहा महिने शांत असेल तर मूल होऊ देण्यास बहुतेकींना अडचण नसते, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणात व अंगावर पाजतानाही चालू ठेवता येते. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट आधीच थांबवावी लागतात. मात्र आईच्या रक्तात रो प्रतिपिंड आहेत का हे आधी पाहावे. असल्यास सुमारे २ टक्के बाळांत हृदयाचे ठोके मंद करणारा दोष येऊ शकतो, म्हणून चौथ्या महिन्यापासून गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. अशा बाळाच्या अंगावर दिसणारे चट्टे साधारण सहा महिन्यांत आपोआप जातात.

दंड, खांदा, गाल किंवा मांडीवर टणक गाठ सहा आठवड्यांहून जास्त राहिली, किंवा गाठ विरून खड्डा पडू लागला, तर त्या जागी सुई घेऊ नये, चिरा देऊ नये, आणि थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. गोळी सुरू झाली की किमान तीन महिने ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. पडलेला खड्डा कोणतेही औषध भरून देत नाही. पुढचा पडू नये याचा इलाज मात्र आज तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळतो.